मेंढराच्या चालीची गाडी

दहावीचा शेवटचा पेपर झाला की हर्सूल तलावाच्या अंगानं एक वारा सुटतो. उन्हाळा काय, दरवर्षीच येतो. पण हा वारा मला दरवर्षी त्याच एका उन्हाळ्यात नेऊन सोडतो. त्यात आटत चाललेल्या गाळाचा वास असतो, कडुलिंबाच्या फुलांचा असतो, आणि कुठून तरी पेट्रोलचा असतो. पेट्रोल बहुतेक माझ्या डोक्यातलंच असावं. बायको म्हणते, या दिवसांत तुम्हाला काय होतं कळत नाही, जेवताना नुसते ताटाकडं बघत बसता.

यंदा माझ्या लेकीचा, दिपाचा, शेवटचा पेपर होता. मी केंद्राबाहेर बाभळीच्या सावलीला गाडी लावून उभा होतो. पोरं बाहेर आली ती ओरडतच. कुणी पॅड उडवलं, कुणी पाण्याची बाटली एकमेकांच्या डोक्यावर रिकामी केली. दिपा शांतपणे येऊन मागं बसली आणि म्हणाली, "पप्पा, मागची शेड मला सुट्टीभर पाहिजे."

"कशाला?"

"गाडी बनवायचीय. मतीनकाका मोटर देतो म्हणालेत."

मी किक मारायची विसरलो. मागची पोरं हॉर्न वाजवायला लागली, तेव्हा भानावर आलो.

मतीन म्हणजे माझा शाळेतला जोडीदार, एकाच बाकावरचा. आज मुकुंदवाडी स्टेशनजवळ त्याचं बॅटरीच्या रिक्षा दुरुस्त करायचं दुकान आहे. त्या काळी तिथंच त्याच्या मामूचं वेल्डिंगचं दुकान होतं. मामू खिडक्यांच्या जाळ्या आणि कूलरचे स्टँड बनवायचा. बाजूनं रेल्वेगाडी गेली की दुकानाचा पत्रा थरथरायचा, आणि मामू वेल्डिंगचा हात वर उचलून गाडी जाईपर्यंत गप्प उभा राहायचा, कुणी मोठं माणूस दारावरून चालल्यासारखं. त्या दुकानामागं भंगाराचा ढीग होता. आम्हा दोघांना तो ढीग म्हणजे साक्षात कुबेराचं घर. मोडक्या लोखंडी खाटा, सायकलींच्या चेना, स्कूटरची चाकं, कुणीतरी टाकून दिलेली जुनी मोपेड. दहावीचा अभ्यास आम्ही जितका केला त्याच्या दुप्पट तो ढीग उपसला.

आमची पहिली गाडी त्या ढिगातूनच निघाली. परीक्षेच्या आधी, सगळ्यांची नजर चुकवून. खाटेचे पाइप कापून सांगाडा केला, स्कूटरची बुटकी चाकं लावली, मोपेडचं इंजिन बसवलं. गुडघे कानाला लागतील इतकी ठेंगणी. चेन उजव्या बाजूला आली पाहिजे म्हणून आम्ही शहाण्यांनी इंजिनच फिरवून उलटं बसवलं. मतीन ऐटीत बसला, मी ढकललं, इंजिन फटफटलं आणि गाडी सुटली ती मागं! मी मागंच उभा होतो. उडी मारून बाजूला झालो म्हणून वाचलो. मतीन हँडल धरून ओरडत होता, "अबे रोक! ये तो पीछे भाग री!" गाडी जाऊन भंगाराच्या ढिगात घुसली. मामू डोळ्यांवरचा चष्मा काढून बघत राहिला आणि म्हणाला, "वाह रे इंजिनिअरां. मंजिल पे पीठ करके निकले." त्या दिवशी आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. पुढं त्या उन्हाळ्यात इतकं हसायला मिळालं नाही.

आमचं घर हर्सूलला, जेलच्या भिंतीच्या पलीकडं. आता तिथं घराला घर लागलंय, तेव्हा माळ होता. आम्ही मूळचे मेंढरंवाले. अण्णा, म्हणजे माझे वडील, घराण्यातले पहिले कंपनीत लागलेले. चिकलठाण्याला कारखान्यात शिफ्ट करायचे. पण आबाची, म्हणजे माझ्या आज्याची, मेंढरं अजून होती. आबाच्या मते पत्र्याखाली बसून केलं जातं ते काम नव्हेच. "सावलीत बसून मिळालेली भाकर पचती कशी रे किसन?" असं तो अण्णांना विचारायचा. अण्णा हसायचे आणि टिफिन घेऊन निघायचे.

सांजच्याला मेंढरं माळावरून परत यायची तो देखावा मी दुसऱ्या कुठल्याच गोष्टीसाठी सोडत नव्हतो. आधी धूळ दिसायची, मग घंटा ऐकू यायची, आणि सगळ्यांच्या मागून आबा, खांद्यावर काठी आडवी टाकून. मेंढरं बसवायला आमच्याकडं वाघर असायची, म्हणजे खुंट्यांना ताणलेली सुतळीची जाळी. तिच्या तोंडाशी आबा उभा राहायचा. मेंढरं मोजायचा नाही. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवरून हात फिरवायचा, बस्स. हात थांबला की समजायचं, कुणीतरी मागं राहिलंय. मग तसाच उलटा माळावर जायचा आणि बगलेत कोकरू घेऊन यायचा. मी एकदा विचारलं, आबा तू पुढं का चालत नाहीस? तर म्हणाला, "पुढं चालायला मी काय पुढारी हाय? मेंढका मागंच चालतो. पुढच्याला वाट दिसती, मागच्याला मी दिसलो पायजे."

त्या वर्षी होळीच्या आसपास आबा ओढ्यात घसरला. हाड मोडलं नाही, पण गुडघा गेला तो गेलाच. तेल झालं, शेक झाला, दवाखाना झाला. डॉक्टर म्हणाले, चालणं कमी करा. मेंढक्याला चालणं कमी करा म्हणणं म्हणजे माशाला पाणी कमी पी म्हणण्यातलाच प्रकार. आबा काठी टेकत जायचाच, आणि मेंढरं पुढं निघून लोकांच्या भाजीच्या वाफ्यात शिरायची. रोज कुणीतरी तक्रार घेऊन दारात. शेवटी अण्णांनी एका दुपारी, अगदी हळू आवाजात सांगून टाकलं, "आबा, पावसाळ्याच्या आत मेंढरं देऊन टाकू. फर्दापूरकडचे सोयरे घेतो म्हणतेत. घरच्या माणसाकडंच जातील."

आबाच्या हातात भाकरीचा तुकडा होता, तो त्यानं परत टोपलीत ठेवला. आबाला अन्न परत ठेवताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मला रडूच फुटलं. मी बाहेर जाऊन सायकल घेतली आणि तडक मुकुंदवाडी गाठली.

मतीनला सगळं सांगितलं. तो स्क्रूड्रायव्हरनं नखं कोरत ऐकत होता. मग म्हणाला, "पाव गया ना आबा का? तो चक्के लगाते. इत्ता कायकू रो रा?"

झालं. पाय गेला तर चाकं लावू. पंधरा-सोळाच्या वयात जगातली सगळी दुःखं वेल्डिंग करून जोडता येतात असंच वाटतं.

परीक्षा संपल्या दिवसापासून आम्ही त्या कामाला लागलो. पहिली गाडी मोडली. तिसरं चाक जोडलं, कारण आबाचा तोल जायला नको. बसायला फळी, फळीवर आबाचंच जुनं घोंगडं घडी करून. काठी ठेवायला पाइपाची नळी. पाण्याची कळशी अडकवायला आकडा. इंजिन या खेपेला सुलटं बसवलं, आणि मामूनं स्वतः वाकून ते बघितलं. दुपारच्या त्या उन्हात पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं, पान्याला हात लावला तर चटका बसायचा. आम्ही पोती ओली करून डोक्यावर घ्यायचो आणि काम करायचो. मी तेव्हा काय स्वप्नं बघत होतो! आबा गाडीवर बसलाय, पुढं मेंढरांची धूळ, अण्णांनी सोयऱ्यांना नाही म्हणून कळवलंय. एवढंच पाहिजे होतं मला. दहावीच्या निकालाचा नवस कुणी बोलला असेल, मी गाडीचा बोललो होतो.

गाडी घरी आणली तेव्हा अण्णा शिफ्टवरून आले होते. कमरेवर हात ठेवून त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. "उंटावरून शेळ्या हाकणं ऐकलं होतं," म्हणाले, "आता इंजनावरून मेंढरं हाका." पण मग खाली बसून त्यांनी ब्रेकची तार स्वतः ताणून दिली. म्हणजे त्यांनाही ती चालायला हवीच होती.

आबा बसला. पागोटं नीट केलं, काठी नळीत ठेवली, नवरदेवासारखा ताठ झाला. आम्ही इंजिन चालू केलं तशी मेंढरं बिथरली, वाघरीच्या कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढली. मतीनचं तोंड उतरलं. आबा म्हणाला, "भिऊ दे. रेल्वेलाबी भेत व्हती. व्हतंय सवय." आणि खरोखर, आठवड्याभरात आवाजाची सवय झाली त्यांना. घोडं तिथं पेंड खात नव्हतंच.

आमच्या दोघांच्याही डोक्यात एक गोष्ट आली नव्हती, आणि मी मेंढक्याचा नातू असून ती येऊ नये याचं मला आजही नवल वाटतं. मेंढरू चालतं कसं? दोन पावलं टाकतं, थांबतं, तोंड खाली घालतं, कुसळ तोडतं, चघळतं, पुन्हा एक पाऊल. बाभळीची शेंग दिसली की बराच वेळ तिथंच. चालणं असं नाहीच ते. चरता चरता जागा बदलणं. आणि आमच्या इंजिनाला गिअर नव्हता. रेस दिली की गाडी सुटणार, रेस सोडली की थांबणार. मधलं काही नाही. तिची हळूत हळू चाल म्हणजे माणसाची धावपळ. मेंढराच्या चालीनं न्यायला गेलं की इंजिन तापायचं, जळका वास सुटायचा आणि बंद पडायचं. आम्ही चेनची मागची दातेरी चकती बदलून मोठी घातली. थोडा फरक पडला. पण मेंढरू ते मेंढरू. जोरात पळवायची युक्ती आमच्याजवळ होती, हळू न्यायची नव्हती.

आबानं मात्र तक्रार केली नाही. तो आमच्याकडं बघून म्हणायचा, "लई झ्याक केलंय रे पोरांनो. गुडघ्याला जरासुदिक लागत नाय." आणि त्यानं स्वतःच एक तोड काढली. गाडी सुरू करायची, मागून सोडली तर मेंढरांच्या अंगावरच जाणार म्हणून त्यांना वळसा घालून पुढं जायचं, एखाद्या झाडाखाली बंद करायची आणि मेंढरं येईपर्यंत बसून राहायचं. मग पुन्हा पुढं. एका दुपारी मी लांबून पाहिलं. तलावाच्या उघड्या पडलेल्या काठावर थोडी हिरवळ होती, तिच्यावर मेंढरं पसरली होती, आणि त्यांच्या कितीतरी पुढं, कडुलिंबाच्या सावलीत, आबा गाडीवर बसून मान वळवून मागं बघत होता. मेंढरांच्या मागं चालणारा माणूस मेंढरांची वाट बघत होता. मला तेव्हा नुसतं चुकल्यासारखं वाटलं. काय चुकलंय ते सांगता आलं नसतं.

त्याच आठवड्यात ते झालं. दिवस कलत आला होता, मतीन घरी आलेला, आम्ही दोघं वाघरीपाशी गाडी पुसत होतो. मेंढरं आत शिरत होती. आबा काठीवर भार देऊन तोंडाशी उभा, एकेका पाठीवरून हात फिरवत. शेवटची मेंढी आत गेली. ती ओरडत होती. आबाचा हात तसाच हवेत राहिला.

"काळ्या कानाचं कोकरू," तो म्हणाला.

आम्ही तिघं परत गेलो. आबा गाडीवर बसला नाही. नको म्हणाला, आणि त्या गुडघ्यानं, काठी रोवत, पाय ओढत चालला. ते सापडलं ओढ्याच्या अल्याड. कुत्र्यांनी काही ठेवलं नव्हतं, नुसते कान ओळखायला होते. आबा खाली बसू शकत नव्हता, तरी बसला. त्यानं हातानं माती सारून खळगा केला. मतीन आणि मीही माती ओढली. मग मतीनच रडायला लागला, हुंदके देऊन. "आबा, गाडी हमीच बनाये ना..."

आबानं मातीच्या हातानंच त्याला जवळ ओढलं. "गप ए. तुमच्या गाडीचा काय दोष न्हाय. गाडीला पुढं जायचं ठावं हाय, ती पुढं गेली. मागं ऱ्हायचं काम माझं व्हतं." घरी आल्यावर ओसरीत बसून त्यानं अण्णांना हाक मारली. "किसन, सोयऱ्यांना निरोप दे. आता मेंढरांच्या मागं माणूस न्हाय. बिगर माणसाची मेंढरं ठेवू नाय."

अण्णांना हेच पाहिजे होतं, आणि ते ऐकून अण्णाच आत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसले.

सोयरे आले ते वैशाखातल्या एका पहाटे. मेंढरं चालवतच न्यायची होती, जळगाव रोडनं, सिल्लोडवरून फर्दापूरला. आमच्यात एक रीत आहे. मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करायची तर जुना मेंढका शिवेपर्यंत मागून चालत जातो. म्हणजे मेंढरांना वाटतं, रोजच्यासारखंच चरायला चाललोय. शिवेवर तो थांबतो, मेंढरं पुढं जातात. तिथून परत फिरताना मागं वळून बघायचं नाही. बघितलं तर मेंढरं नव्या घरी रुळत नाहीत म्हणे.

आबाला शिवेपर्यंत चालवणार नव्हतं, आणि चालल्याशिवाय तो राहणार नव्हता. अण्णा समजावत होते. तेवढ्यात मतीननं काही न विचारता गाडीची चेन काढली, खिशात घातली आणि म्हणाला, "आबा, बैठो. हम ढकलते."

आबा बसला. आम्ही दोघांनी मागून हात लावले. चेन नसल्यामुळं चाकं मोकळी फिरत होती, आवाज म्हणून नाही. मेंढरं दोन पावलं चालली की आम्ही दोन पावलं ढकलायचो. ती थांबली की थांबायचो. एखादी बाभळीखाली रेंगाळली की आम्हीही रेंगाळायचो. आबा अधूनमधून "हुर्र... हुर्र..." करायचा आणि त्याचा आवाज पार पुढच्या मेंढीपर्यंत जायचा. इतके दिवस इंजिनाच्या फटफटीत तो मेंढरांना ऐकूच जात नव्हता हे मला तेव्हा कळलं. उजाडत होतं. लहान कोकरं सगळ्यात मागं, आबाच्या पायाशी घोटाळत चालली होती. काठी नळीतून काढून त्यानं खांद्यावर आडवी टाकली.

थोड्या वेळानं तो मान न वळवता म्हणाला, "आत्ता बरोबर चालतीय बघा गाडी."

आम्ही ढकलत राहिलो. माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

शिवेवर थांबलो. मेंढरं पुढं गेली. घंटा ऐकू येईनाशी होईपर्यंत आबा धुळीकडं बघत बसला. मग आम्ही गाडी वळवली. आबानं मान वळवली नाही, मतीननंही नाही. मतीननं खिशातून चेन काढून चढवली आणि हळूच विचारलं, "आबा, इंजन चालू करूं? जल्दी घर जाते."

"कर," आबा म्हणाला. "आता काय, कितीबी जोरात जाऊ दे."

पुढच्या थंडीत आबा गेला. त्याला काही मोठं दुखणं झालं नव्हतं. माझं आयटीआय झालं, मी कारखान्यात मेंटेनन्सला लागलो. पत्र्याखाली मिळवलेली भाकर खातो आणि ती पचते. कधीकधी पचत नाहीही. गाडी बरेच दिवस अंगणात पडून होती. एका पावसाळ्यात तिच्या फळीवर गवत उगवलं. मग कुणीतरी भंगारात दिली.

परवा दिपाची गाडी पुरी झाली. मतीननं जुन्या स्कूटरची बॅटरीवरची मोटर दिली, सांगाडा तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं शेडमध्ये जोडला. वेल्डिंग मी करतो म्हणालो तर नको म्हणाली. बारकी, बुटकी, गुडघे कानाला लागतील अशी गाडी. ती बघायला कॉलनीच्या मैदानावर पोरं जमली. एकच प्रश्न सगळ्यांचा, किती पळते? ती सांगत होती, पोरं शिट्ट्या मारत होती. गर्दी पांगल्यावर मी जवळ गेलो.

"दिपा, हळूत हळू किती चालते गं ही?"

ती हसली. "काय पप्पा! सगळे टॉप स्पीड विचारतात."

"तू दाखव तर खरं."

तिनं मूठ जराशी पिळली. गाडी निघाली. आवाज नाही. मुंगी सरकावी तशी सरकली, थांबली, पुन्हा एक वीत पुढं, पुन्हा थांबली. तापणं नाही, जळका वास नाही. "अशी दिवसभर चालवली तरी काही होत नाही," ती म्हणाली.

एवढंच तर पाहिजे होतं आम्हाला. एवढंच. ते आलं, आणि आता हर्सूलला माळ नाही, वाघर नाही, मेंढरं नाहीत, आणि ज्याच्या गुडघ्यासाठी हवं होतं तोही नाही. तिला मी काय सांगणार? नुसतं म्हणालो, "घरापर्यंत अशीच ने."

ती निघाली, आणि मी तिच्या मागून चालू लागलो. दोन पावलं, थांबा, पुन्हा दोन पावलं. ऊन उतरलं होतं, तलावाकडून तो वारा येत होता.

"पप्पा, तुम्ही मागून का चालताय? शेजारी या ना."

"चल तू. मी हाय मागं."

घराचं फाटक उघडं होतं. ती हळू आत शिरली, तिच्या मागं तिची मैत्रीण, आणि सगळ्यात शेवटी शेजाऱ्यांचं बारकं पोर, चप्पल हातात घेऊन पळत आलेलं. मी फाटकाशी उभा होतो. एकेकाच्या पाठीवरून माझा हात फिरला, आणि सगळी आत आल्यावर मी फाटक लावून घेतलं.